दोन वाचकांची स्पर्धा : डहाणू-तलासरीतील सिकलसेल आणि 'एनएफ-वाय' प्रथिनाचा इतिहास

(१) प्रास्ताविक

प्रदेशाचा इतिहास लिहिताना ताम्रपट, दफ्तरे, गॅझेटिअरे आणि मौखिक परंपरा ह्या साधनांचा आधार घेण्याची रूढी आहे. मनुष्याचे रक्त हेही इतिहासाचे एक साधन होऊ शकते, ही जाणीव त्या मानाने अलीकडची होय. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी ह्या दोन तालुक्यांच्या बाबतीत हे साधन विशेष महत्त्वाचे आहे. तेथील आदिवासी समाजांत आढळणारा सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार शेकडो पिढ्यांच्या हिवतापाशी झालेल्या झगड्याची खूण आहे; आणि त्या विकारावरील उपायांचा मार्ग ज्या एका प्रथिनाच्या जवळून जातो, त्याचा शोध गेल्या चाळीस वर्षांत स्ट्रासबर्ग, केंब्रिज, ह्यूस्टन, मिलान, सिअ‍ॅटल व बॉस्टन येथील प्रयोगशाळांतून क्रमाक्रमाने लागत गेला. ह्या प्रथिनाचे नाव 'एनएफ-वाय' असे असून ते तीन उपएककांचे बनलेले आहे. त्यांपैकी 'ए' हे उपएकक घडविणारे जनुक मानवाच्या सहाव्या गुणसूत्रावर, 'बी' हे घडविणारे बाराव्या व 'सी' हे घडविणारे पहिल्या गुणसूत्रावर आहे.

ह्या दोन इतिहासांचा, म्हणजे एका भूप्रदेशाच्या व एका प्रथिनाच्या इतिहासाचा, परस्परसंबंध दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. मुख्य प्रतिपाद्य थोडक्यात असे सांगता येईल : सिकलसेलच्या रुग्णाजवळ उपायाचा मजकूर जन्मतःच लिहिलेला असतो; उणीव आहे ती त्या मजकुराच्या वाचनाची.

(२) प्रदेश आणि त्याची सीमा

डहाणूच्या पश्चिमेस समुद्रकिनारा व चिकूच्या वाड्या, तर पूर्वेस सह्याद्रीकडे चढत जाणारी जंगलपट्टी आहे. तलासरी हा तिच्या उत्तरेस गुजरातच्या सीमेला भिडलेला तालुका. २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींचे प्रमाण तलासरीत सुमारे ९० टक्के व डहाणूत सुमारे ६९ टक्के होते. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी, दुबळा, धोडिया हे येथील प्रमुख समाज होत. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात वारली बोलीची नोंद मराठीच्या परिवारात झाली, के. जे. सावे ह्यांचा वारल्यांवरील इंग्रजी ग्रंथ १९४५ साली प्रसिद्ध झाला. आणि त्याच वर्षी मे महिन्यात झरी येथील परिषदेपासून वेठबिगारीविरुद्धच्या लढ्यास तोंड फुटले. गोदावरी परुळेकर ह्यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या ग्रंथामुळे तो लढा मराठी वाचकांस सुपरिचित आहे. त्या लढ्यात पुढे गवत कापण्याच्या मजुरीचा दर हा एक प्रमुख प्रश्न झाला होता. गवत कापण्याचे हत्यार विळा. ज्या रोगात रक्तातील तांबड्या पेशींना विळ्याचाच आकार येतो, त्याचे नाव मात्र त्या वेळी ह्या भागात कोणाच्याही कानावर आलेले नव्हते. ताप, सांध्यांतील वेदना, डोळ्यांना येणारा पिवळेपणा, श्रम न झेपणे ही त्याची लक्षणे. आणि उपासमार व हिवताप ही जेथे रोजची गोष्ट, तेथे ह्या लक्षणांना निराळे नाव देण्याचे कारणही कोणास जाणवले नसावे.

१ मे १९६० रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले, तेव्हा ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्याचा बराचसा भाग गुजरातेत गेला आणि महाराष्ट्रात राहिलेल्या गावांतून तलासरीचा प्रशासकीय विभाग घडला. त्यामुळे वारली, कोकणा, धोडिया ह्या समाजांची गावे, नाती व सोयरिकी दोन राज्यांत विभागल्या गेल्या. रक्ताचा अभ्यास करणाऱ्यास ही सीमा ओलांडावीच लागते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. सीमा बदलत गेल्या, परंतु जनुकांची वाटचाल सोयरिकींच्या मार्गाने अखंड चालूच राहिली.

(३) विळ्याच्या आकाराची पेशी

१९१० साली शिकागो येथील जेम्स हेरिक ह्यांनी ग्रेनाडा बेटातून दंतवैद्यकाच्या शिक्षणासाठी आलेल्या एका तरुणाच्या रक्तात लांबट, विळ्यासारख्या वाकड्या पेशी आढळल्याचे प्रसिद्ध केले. मराठी परिभाषेत ह्या विकारास 'दात्रकोशिका पांडुरोग' असे म्हटले जाते. व्यवहारात 'सिकलसेल' हाच शब्द रूढ आहे. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी ह्यांनी रुग्णाचे हीमोग्लोबिन विद्युत्‌क्षेत्रात निराळ्या गतीने सरकते हे दाखवून ह्या विकारास 'रेणवीय रोग' ठरविले. एखादा रोग एका विशिष्ट रेणूच्या घडणीतील दोषामुळे होतो, हे त्यामुळे प्रथमच सिद्ध झाले. पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इंग्रॅम ह्यांनी हा दोष नेमका कोठे आहे ते दाखविले. हीमोग्लोबिनच्या बीटा शृंखलेत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते, एवढाच काय तो फरक. जनुकाच्या लिपीत पाहिले तर एका अक्षराचा बदल : 'ए'च्या जागी 'टी'.

एवढ्या घातक बदलाचा निसर्गाने नायनाट का केला नाही, ह्या प्रश्नाचे उत्तर १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन ह्यांनी पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दिले. आईबापांपैकी एकाकडूनच हे जनुक मिळालेल्या बालकास फाल्सिपेरम हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. दोघांकडून मिळाले तर रोग. एकाकडून मिळाले तर ढाल. म्हणून हिवतापाच्या प्रदेशांत हे जनुक टिकून राहिले. डहाणूच्या जंगलपट्टीतही त्याच्या अस्तित्वाचा अर्थ ह्याच दिशेने लावावा लागतो.

भारतात ह्या विकाराचा शोध तसा उशिरा लागला. १९५२ साली हर्मन लेहमन व मेरी कटबुश ह्यांनी निलगिरीतील आदिवासींत सिकल पेशी आढळल्याचे प्रसिद्ध केले. १९५८ साली नागपूरच्या शुक्ल व सोलंकी ह्यांनी मध्य भारतातील आढळ नोंदविला. मुंबईत ह्याच सुमारास रक्ताच्या आनुवंशिकतेचा अभ्यास जोमाने चालू होता. १९५२ साली भेंडे, देशपांडे, भाटिया आदींनी 'बॉम्बे रक्तगटा'चा शोध प्रसिद्ध केला होता. १९६२ साली व्यास, भाटिया, सुकुमारन, बालकृष्णन व संघवी ह्यांनी गुजरातमधील काही आदिवासी समाजांचे रक्तगट व असामान्य हीमोग्लोबिने ह्यांचा अभ्यास पुढे आणला. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेने पुढे ही परंपरा चालविली. आज डहाणू येथे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय प्रजनन व बालस्वास्थ्य संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली ग्रामीण आरोग्य संशोधनाचे केंद्रही आहे.

(४) बालकाचे रक्त आणि त्यातील संकेत

ह्या रोगाचे एक वैशिष्ट्य असे की, तो घेऊन जन्मलेले मूल जन्मतः आजारी नसते. पहिले पाच-सहा महिने ते इतर बालकांसारखेच असते आणि त्यानंतर हातापायांची सूज, वेदना व पांडुरता ही लक्षणे दिसू लागतात. १९४८ साली न्यूयॉर्कमधील जॅनेट वॉटसन ह्यांनी नवजात बालकांच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी फारच थोड्या असतात असे निरीक्षण नोंदविले आणि गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन हे त्याचे कारण असावे असे सुचविले. हे हीमोग्लोबिन निराळे असते ही गोष्ट १८६६ इतक्या पूर्वी डोरपाट येथे कोर्बर ह्यांनी दाखविलेली होती : नवजात बालकाचे रक्त अल्काच्या क्रियेला अधिक काळ टिकते, असे त्यांस आढळले होते.

ह्याचा उलगडा पुढे झाला. प्रौढ हीमोग्लोबिनात दोन अल्फा व दोन बीटा शृंखला असतात; गर्भाच्या हीमोग्लोबिनात बीटाच्या जागी गॅमा शृंखला असतात. गॅमाची दोन जनुके अकराव्या गुणसूत्रावर बीटाच्या शेजारीच असतात. जन्मानंतर गॅमाचे वाचन क्रमाने थांबते व बीटाचे वाचन वाढते. वर्ष-दोन वर्षांत बहुतेक माणसांत गर्भ-हीमोग्लोबिन एक टक्क्याच्या आसपास उरते. सिकलसेलचा दोष बीटाच्या मजकुरात आहे. गॅमाचा मजकूर शुद्धच राहतो. शिवाय गर्भ-हीमोग्लोबिन हे सिकल हीमोग्लोबिनच्या गुठळ्या होण्यास अडथळा करते. म्हणजे रोग्याच्या प्रत्येक पेशीत त्या रोगाचा उतारा लिहिलेला असतो, परंतु तो पाठ बंद केलेल्या पोथीसारखा पडून असतो.

काही समाजांत हा पाठ पूर्णपणे बंद होत नाही, ही गोष्ट भारताच्या दृष्टीने फार महत्त्वाची ठरली. १९७२ साली पूर्व सौदी अरबस्तानातील रुग्णांत गर्भ-हीमोग्लोबिन अधिक असून त्यांचा आजार सौम्य असल्याचे पेरीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. १९८६ साली कुलोझिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकाच्या आसपासच्या खुणा तपासून असा निष्कर्ष काढला की, आशियातील सिकल जनुक आफ्रिकेतील जनुकापासून स्वतंत्रपणे उत्पन्न झाले असावे. ह्या खुणांच्या समूहास 'अरबी-भारतीय' असे नाव मिळाले. त्यातील एक खूण गॅमाच्या एका जनुकाच्या आरंभापूर्वी १५८ अक्षरांवर आहे. तेथे 'सी'च्या जागी 'टी' असल्यास गर्भ-हीमोग्लोबिन अधिक राहण्याकडे कल असतो. त्याच वर्षी ओरिसातील रुग्णांच्या पाहणीतही उच्च गर्भ-हीमोग्लोबिन व तुलनेने सौम्य आजार ह्यांची नोंद झाली.

येथे एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. 'भारतीय सिकलसेल सौम्य असतो' हे विधान त्यानंतर जवळजवळ म्हणीसारखे रूढ झाले. परंतु विदर्भातील रुग्णांच्या पाहण्यांनी त्यास छेद दिला. तेथे गर्भ-हीमोग्लोबिन बऱ्यापैकी असूनही अनेक मुलांचा आजार तीव्र असल्याचे आढळले. आदिवासी समाजांत अल्फा-थॅलेसीमियाची जोड असल्याने काही ठिकाणी आजार सौम्य होतो, हेही कारण पुढे आले. म्हणून 'सौम्य' हे विशेषण एका प्रदेशाच्या पाहणीवरून दुसऱ्या प्रदेशास लावणे शास्त्रीय नाही; आणि दवाखाना दूर असलेल्या पाड्यावरील बालकाच्या बाबतीत तर ते घातकही ठरू शकते.

(५) पाच अक्षरांचा शब्द आणि त्याचा वाचक

जन्मानंतर गॅमाचे वाचन कोण थांबविते? ह्या प्रश्नाच्या उत्तरासाठी प्रथम ते वाचन कोण करविते हे कळणे आवश्यक होते. १९८० च्या सुमारास जनुकांच्या आरंभापूर्वीच्या भागांची तुलना करताना संशोधकांस 'सीसीएएटी' ही पाच अक्षरांची माला पुन्हा पुन्हा आढळू लागली. उंच प्राण्यांच्या जनुकांपैकी सुमारे चतुर्थांश ते तृतीयांश जनुकांपुढे ती सापडते. शब्द सापडला, पण त्याचा वाचक सापडला नव्हता.

१९८७ साली स्ट्रासबर्ग येथे डॉर्न, बेनुआ, मॅथिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिरक्षेशी संबंधित एका जनुकाच्या 'वाय' नावाच्या खंडास चिकटणारे प्रथिन वेगळे केले. त्यास 'न्यूक्लिअर फॅक्टर वाय', संक्षेपाने 'एनएफ-वाय' असे नाव पडले. पुरुषाच्या वाय गुणसूत्राशी ह्या नावाचा काडीमात्र संबंध नाही. नावातील अक्षर त्या खंडावरून आलेले आहे. ह्याच प्रथिनास इतर प्रयोगशाळांनी 'सीपी-१' व 'सीबीएफ' अशी नावे दिली होती. एकाच वस्तूस तीन नावे असण्याचा हा प्रकार भाषाशास्त्राच्या अभ्यासकांस अपरिचित वाटू नये. शोधाच्या आरंभी प्रत्येक गाव आपापल्या बोलीत नाव ठेवतो व नंतर प्रमाण संज्ञा ठरते.

१९८८ साली केंब्रिजच्या चोडॉश, शार्प व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, हा वाचक एकसंध नसून निरनिराळ्या उपएककांचा बनलेला आहे. आणि मानवाचे एक उपएकक यीस्टच्या उपएककाबरोबर जुळवून दिले तरी काम चालते. ज्या जीवांच्या वाटा सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी फुटल्या, त्यांचे सुटे भाग अद्याप परस्परांस बसतात, हा निष्कर्ष आश्चर्यकारकच होता. १९९५ साली ह्यूस्टन येथे शंकर मैती व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसरे उपएकक हस्तगत करून तिन्ही मिळाल्याशिवाय डीएनएला चिकटणे शक्य होत नाही हे स्पष्ट केले. 'बी' व 'सी' ही उपएकके प्रथम एकमेकांत गुंफली जातात; त्यांची घडण डीएनए ज्यांवर गुंडाळला जातो त्या हिस्टोन प्रथिनांसारखी असते. मग त्या जोडीस 'ए' येऊन मिळते आणि पाच अक्षरांचा शब्द प्रत्यक्ष ओळखण्याचे काम तेच करते. २०१३ साली मिलानच्या संशोधकांनी ह्या तिघांची डीएनएसह स्फटिकरचना प्रसिद्ध केल्यावर ही ओळख अणूंच्या पातळीवर दिसू लागली. हा वाचक शरीरास इतका आवश्यक आहे की, उंदरात 'ए'चे जनुक काढून टाकल्यास गर्भ आरंभीच नष्ट होतो. ह्या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

(६) पदच्छेदाचा प्रश्न

गॅमाच्या प्रत्येक जनुकापुढे 'सीसीएएटी' हा शब्द एकदा नव्हे तर दोनदा येतो. दोहोंत सुमारे २७ अक्षरांचे अंतर असते. २००१ साली सिअ‍ॅटल येथील दुआन, स्टॅमॅटॉयानोपोलोस व ली ह्यांनी एनएफ-वाय हे गॅमाच्या वाचनास साहाय्य करते असे दाखविले. मग जन्मानंतर ते हटते का? त्याचा धागा एका ग्रीक कुटुंबप्रकारात पूर्वीच सापडलेला होता. १९८५ साली असे आढळले होते की, ज्या ग्रीक व्यक्तींत गॅमाच्या आरंभापूर्वी ११७ व्या स्थानी 'जी'च्या जागी 'ए' असते, त्यांत गर्भ-हीमोग्लोबिन प्रौढपणीही भरपूर राहते व त्यांस कोणताही त्रास होत नाही. एका अक्षराने पोथी उघडी ठेवली होती. कारण मात्र कळत नव्हते.

२००७ व २००८ साली अनेक व्यक्तींच्या संपूर्ण जनुकसंचाची तुलना करणाऱ्या अभ्यासांतून 'बीसीएल११ए' ह्या जनुकाकडे बोट गेले, आणि २००८ साली बॉस्टनच्या विजय शंकरन, स्टुअर्ट ऑर्किन व सहकाऱ्यांनी हे प्रथिन गॅमाचे वाचन बंद करते असे सिद्ध केले. २०१८ साली ते कोणता शब्द वाचते तेही कळले : 'टीजीएसीसीए'. आता गॅमापुढील दूरच्या भागातील आठ अक्षरांची सलग माला पाहावी : 'टीजीएसीसीएएटी'. तीतील पहिली सहा अक्षरे बीसीएल११एचा शब्द. शेवटची पाच अक्षरे एनएफ-वायचा शब्द. मधली तीन अक्षरे दोघांना सामाईक. ११७ वे स्थान पहिल्या शब्दात पडते, दुसऱ्यात नाही. म्हणून ग्रीक व्यक्तींत बंद करणारा वाचक आंधळा झाला व उघडणारा शाबूत राहिला.

हा शुद्ध पदच्छेदाचा प्रकार आहे. 'आजीवन' ही अक्षरे 'आ-जीवन' अशी तोडली तर जन्मभराचा अर्थ निघतो, 'आजी, वन' अशी तोडली तर निराळाच. लिहिणाऱ्याने काहीही बदललेले नसते. फरक वाचणाऱ्याच्या तोडणीचा असतो. २०२१ साली ऑर्किन ह्यांच्या प्रयोगशाळेतून नान लिऊ व सहकाऱ्यांनी ह्या स्पर्धेचे स्वरूप अधिक बारकाईने दाखविले : एनएफ-वाय मुख्यतः जवळच्या 'सीसीएएटी'वर बसून वाचन सुरू करविते, बीसीएल११ए दूरच्या शब्दावर येऊन बसले की जागेच्या अडचणीमुळे एनएफ-वाय ढकलले जाते. बीसीएल११ए नाहीसे झाले की एनएफ-वाय परत येऊन बसते. गर्भातून जगात येताना रक्ताचा जो पालट होतो, तो ह्या दोन वाचकांच्या आसनासाठी चाललेल्या चढाओढीचा परिणाम होय.

जनुक आणि भाषा ह्यांचे साम्य किती ताणावे, हा प्रश्न जुना आहे. १९६८ साली फ्रेंच दूरचित्रवाणीवर रोमान याकोबसन, फ्रांस्वा जाकोब व क्लोद लेव्ही-स्ट्रोस ह्यांच्यात ह्या विषयावर प्रसिद्ध चर्चा झाली. 'प्रतिलेखन' व 'भाषांतर' ह्या जीवशास्त्राच्या संज्ञाच मुळी लेखनव्यवहारातून घेतलेल्या आहेत. तथापि पेशीतील वाचकास अर्थ कळत नाही; तेथे आकार व विद्युत्‌भार ह्यांचीच जुळणी होते. साम्य उपयोगी पडते ते एवढ्याच मर्यादेत की, मजकुराचा परिणाम केवळ अक्षरांवर अवलंबून नसून कोणती अक्षरे कोणाच्या वाचनात येतात ह्यावरही अवलंबून असतो.

(७) उपाय आणि त्यांची वाट

एनएफ-वायला हात लावता येत नाही, कारण त्याच्यावाचून गर्भच जगत नाही. म्हणून उपायाचा मार्ग असा ठरला की, वाचकाला न छेडता त्याच्या वाटेतील अडथळा दूर करावा. रक्त घडविणाऱ्या पेशींतच बीसीएल११ए ज्या आदेशखंडामुळे सक्रिय राहते, तो खंड क्रिस्पर तंत्राने छेदून रुग्णाच्या पेशी त्यालाच परत देण्याची उपचारपद्धती सिद्ध झाली. 'कॅसजेव्ही' नावाच्या ह्या उपचारास १६ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रिटनने व ८ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेने मान्यता दिली. अमेरिकेत त्याची जाहीर किंमत २२ लक्ष डॉलर ठेवण्यात आली. शिवाय आधी कडक औषधांनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. डहाणूच्या पाड्यावरील मजुरास ह्या आकड्याचा अर्थ सांगणे हीच एक थट्टा होईल.

परंतु पोथी उघडण्याचा एक स्वस्त मार्ग त्याहून पूर्वीचा आहे. हायड्रॉक्सियुरिया हे जुने औषध गर्भ-हीमोग्लोबिन वाढविते. १९९५ साली अमेरिकेतील मोठ्या चाचणीत त्यामुळे प्रौढ रुग्णांतील वेदनेचे झटके लक्षणीय प्रमाणात कमी झाल्याचे सिद्ध झाले. नागपूर येथे दीप्ती जैन व सहकाऱ्यांनी तीव्र आजार असलेल्या बालकांना ठराविक अल्प मात्रा देऊनही लाभ होतो हे २०१२ साली प्रसिद्ध केले. ह्या औषधाच्या गोळ्या स्वस्त आहेत. त्यांसाठी लागते ते वेळेवर निदान, रक्ततपासणीची नियमित सोय आणि औषध अखंड मिळण्याची शाश्वती. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेने ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींच्या तपासणीचे लक्ष्य व २०४७ ही अंतिम मुदत ठेवली आहे. मोहिमेच्या १७ राज्यांत महाराष्ट्रही आहे. येथवर प्रश्न जीवशास्त्राचा व व्यवस्थेचा आहे. ह्यापुढे तो भाषेचा होतो.

(८) 'वाहक' की 'धारक'?

तपासणीचा निष्कर्ष तीन प्रकारचा असतो. दोन्ही जनुके निर्दोष असलेली व्यक्ती. एक सिकल जनुक असलेली व्यक्ती. आणि दोन्ही सिकल जनुके असलेला रुग्ण. मधल्या व्यक्तीस शासकीय मराठीत 'वाहक' म्हणण्याचा प्रघात आहे. हा शब्द इंग्रजी संज्ञेवरून आला. परंतु मराठीत त्याचे सोबती निराळे आहेत. बसचा वाहक, ओझ्याचा वाहक, आणि आरोग्य खात्याच्याच भाषेत हिवतापाचा वाहक म्हणजे डास. ज्या तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्या 'रोगवाहक' म्हणून डासाचे चित्र भिंतीवर रंगविले गेले, तेथे निरोगी तरुण मुलीच्या कागदावर 'सिकलसेल वाहक' असे लिहिले की त्याचा अर्थ 'रोग पसरविणारी' असा घेतला जाणे अगदी स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ती व्यक्ती आजारी नसते, रोग स्पर्शाने किंवा अन्नपाण्यातून पसरत नाही, आणि तिच्या अंगी असलेले जनुक हे मूळ हिवतापाविरुद्धची ढाल आहे.

तिला एवढेच सांगावयाचे असते की, जोडीदारही तसाच असेल तर प्रत्येक गर्भारपणी चारांत एक बालक रुग्ण, दोन बालके मातापित्यांसारखी व एक पूर्णतः निर्दोष असण्याचा संभव असतो. हे गणित प्रत्येक वेळी नव्याने मांडावयाचे असते. पहिले मूल रुग्ण झाले म्हणून पुढची तीन निर्दोष होतील असे नव्हे. 'धारक' हा शब्द ह्या अर्थास अधिक जुळतो, कारण धारण करणाऱ्यावर पसरविण्याचा आरोप येत नाही. परंतु केवळ प्रमाण मराठीतील एक शब्द बदलून काम भागणार नाही. वारली, कोकणा वा कातकरी बोलीत हे गणित ज्या घरगुती शब्दांत सांगता येईल, ते शब्द त्या बोली बोलणाऱ्या आरोग्यसेविकांकडूनच घेतले पाहिजेत. आणि तलासरीच्या पलीकडे सोयरीक झाली तर गुजरातच्या तपासणीचा कागद महाराष्ट्रात वाचला जाईल अशी व्यवस्थाही हवी.

(९) उपसंहार

एनएफ-वायच्या इतिहासातून निघणारा बोध असा की, योग्य मजकूर अस्तित्वात असणे आणि तो वाचला जाणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. पेशीत बीसीएल११ए जागा अडवून बसते म्हणून शुद्ध पाठ वाचला जात नाही. समाजात अंतर, परकी परिभाषा व 'सौम्य आजार' ही सोयीची समजूत जागा अडवून बसते म्हणून हाती असलेले ज्ञान वाचले जात नाही. पहिला अडथळा दूर करण्यास अत्यंत खर्चिक तंत्र लागते. दुसरा दूर करण्यास तपासणीचा कागद, गोळ्यांचा अखंड पुरवठा आणि कळेल अशा भाषेतील चार वाक्ये पुरतात. डहाणू-तलासरीतील पुढच्या पिढीचे आरोग्य तूर्त ह्या दुसऱ्या कामावर अधिक अवलंबून आहे.